मुलाखती बंद करा म्हणे!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक लांबलचक फॉरवर्ड आला. वर लाल दिवे, खाली जोडलेले हात, मध्ये सहा मुद्दे. मथळा असा: ‘जेलमध्ये ड्रग्ज कोण पोचवतं? वाचून हादराल!’ टाकणारे आमचे एक काका. त्याच ग्रुपमध्ये माझी मावशी आहे. तिचा धाकटा मुलगा मुंबईतल्या एका कारागृहात कच्चा कैदी आहे आणि काकांना ते पक्कं ठाऊक आहे. मावशी ग्रुपवर काही बोलली नाही. मला फोन करून एवढंच विचारलं, “खरंच बंद करतील का गं मुलाखत?” (मुलाखत म्हणजे घरच्यांनी जेलमध्ये जाऊन कैद्याला भेटणं.)

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. जेलमधले 90 टक्के ड्रग्ज कैद्यांच्या आया-बायका मुलाखतीत नेतात, तेही तान्ह्या पोरांच्या लंगोटात लपवून. अमेरिकेत मुलाखती बंद केल्या आणि ड्रग्ज संपले. आत आहेत ते सगळे सिद्ध झालेले गुन्हेगार. त्यांना आत फाइव्ह स्टार वागणूक मिळते. नशेडी आत गेला की आपोआप सुधारतो, त्याला डॉक्टर-बिक्टर लागत नाही. आणि मानवाधिकारवाले कॅमेरे, स्कॅनर बसवू देत नाहीत. सबब, मुलाखती कायमच्या बंद करा, शेअर करा, जय हिंद.

लंगोटापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात घाण मुद्दा तोच आहे.

हे लिहिणारा माणूस आयुष्यात कधी मुलाखतीला गेलेला नाही. मी मावशीबरोबर गेले आहे. ओळखपत्र दाखवायचं, नाव नोंदवायचं, मोबाइल आणि पर्स बाहेर ठेवायची, नंबर पुकारेपर्यंत ताटकळायचं. मग समोर येते ती काच. पलीकडे मुलगा, अलीकडे आई, बोलायला इंटरकॉमचा रिसीव्हर. तो खरखरतो म्हणून दोघंही ओरडून बोलतात, आणि शेजारच्या खिडकीतले चौघे त्यांच्या वर आवाज काढतात. ‘जेवलास का’ आणि ‘वकील काय म्हणाला’ एवढं होईस्तोवर वेळ संपते. मावशी निघताना काचेला हात लावते. पोराच्या हाताला लावता येत नाही म्हणून. त्या काचेतून पुडी कशी जाते, हे काकांनी एकदा करून दाखवावं.

कपडे द्यायचे तर ते हातात नाही देता येत. काउंटरवर जमा करायचे, तिथला शिपाई शिवण चाचपतो, कॉलर उलटी करतो, नाडी ओढून बघतो, नको वाटलं तर परत करतो. घरचा डबा हवा तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. कँटीनचे पैसे मनीऑर्डरने जातात. राहिली तान्ही पोरं. त्यांना बापाच्या मांडीवर बसता यावं म्हणून महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम आहे, आणि तो होतो तोही अधूनमधून, ठरवून, पहाऱ्यात. तेवढ्यावर 90 टक्के माल आत जातो असं म्हणायचं असेल तर त्या लंगोटांना गोदाम म्हणायला हवं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. नातेवाईक कधीच काही नेत नाहीत, असं नाही. कपड्याच्या शिवणीतून, चपलेच्या तळव्यातून माल पाठवायचे प्रकार पकडले गेलेले आहेत. कोर्टाच्या तारखेला पोलिसांच्या गराड्यात कैदी पॅसेजमधून जात असतो तेव्हा बहीण-भाऊ, मित्र अगदी अंगाला अंग लागेल इतके जवळ येतात, आणि तिथे हातातलं हातात सरकवणं काचेपेक्षा सोपं आहे. काही कैदी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गोळी गिळून किंवा अंगात लपवून गेटमधून आत जातात, वरवरच्या झडतीत ते कळत नाही. हे सगळं खरं आहे. पण यातलं मुलाखतीच्या खिडकीतून काय गेलं? काहीच नाही. आईला काचेसमोरून हाकललं म्हणून कोर्टाचा पॅसेज बंद होत नाही.

मग माल जातो कुठून? एक वाट भिंतीवरून आहे. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात बाहेरून गांजा आणि मोबाइल बांधून आत फेकल्याच्या बातम्या मराठी पेपरांत छापून आल्या आहेत. दुसरी वाट गेटमधून, वर्दीतून. कारागृहाचाच शिपाई झडतीत चरस-गांजासकट सापडल्याचंही आपण पेपरात वाचलेलं असतं, फक्त ते कुणी फॉरवर्ड करत नाही. तिसरी वाट हॉस्पिटलची. ससून आठवतंय ना? येरवडा जेलचा कैदी, उपचाराच्या नावाखाली पुण्याच्या ससूनमध्ये कैद्यांच्या वॉर्डात. 30 सप्टेंबर 2023 ला त्याच हॉस्पिटलच्या दारात पावणेदोन किलोच्या आसपास एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) पकडलं गेलं आणि दोन दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, तो हॉस्पिटलमधून पसार झाला. पुढे साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळचा एमडीचा कारखानाच उघडा पाडला. नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, मी लिहीत नाही. कैदेत असताना ड्रग्जचा धंदा चालवल्याचा आरोप त्याच्यावर आहे. यात मुलाखतीला आलेली आई कुठे बसते?

बरं, हे काही आजचं नवं ज्ञान नाही. 1894 चा कारागृह कायदा काढा, कलम 42 वाचा. तुरुंगात मनाई असलेली वस्तू नेणाऱ्याला किंवा बाहेर काढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा त्याच कलमातलं पुढचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. जाणूनबुजून अशी वस्तू आत जाऊ देणारा किंवा कैद्याकडे राहू देणारा तुरुंगाचा प्रत्येक अधिकारी, यालाही तीच शिक्षा लिहिलेली आहे. म्हणजे इंग्रज सरकारला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं की गेटवर कुणावर नजर ठेवायची. आमच्या काकांना अजूनही कळत नाही. (आणि हो, 200 रुपये. विनातिकीट लोकलला टीसी किमान 250 घेतो. अमली पदार्थाचा 1985 चा कायदा वरून लागतो आणि तो कडक आहे, म्हणून बरं. त्यातही कलम 32-ब मध्ये पदाचा गैरफायदा घेतला असेल तर किमान शिक्षेच्या वर जाताना न्यायालय ते विचारात घेऊ शकतं, असं वेगळं लिहून ठेवलंय. असं कलम उगाच लिहीत नाहीत.)

90 हा आकडा कुठून आला, ते फॉरवर्ड सांगत नाही. आकडा खरंच हवा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात ड्रग्ज कुठे सापडले, गेटवर, कोर्टातून परतताना, भिंतीलगत की बराकीत. गुन्हे किती नातेवाइकांवर आणि किती कर्मचाऱ्यांवर दाखल झाले. तो कागद येईपर्यंत आया-बायकांची नावं घेऊ नका.

आता अमेरिका. फॉरवर्ड म्हणतो, तिकडे मुलाखती बंद केल्या आणि ड्रग्ज संपले. तिकडे खरोखर काय झालं ते लिहिलेलं उपलब्ध आहे. टेक्सस राज्याने मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तुरुंगातल्या प्रत्यक्ष मुलाखती बंद केल्या. त्याच महिन्यात टपालाचे नियमही आवळले: शुभेच्छापत्रं बंद, रंगीत कागद बंद, कारण नशेच्या द्रावणात कागद भिजवून पाठवतात असा संशय. म्हणजे काकांना हवं होतं तसं सगळं. आई नाही, बायको नाही, पोराने रंगवलेलं कार्डसुद्धा नाही. वर्षभराने, मार्च 2021 मध्ये, ‘द मार्शल प्रोजेक्ट’ आणि ‘द टेक्सस ट्रिब्यून’ यांनी मिळून बातमी केली. ड्रग्ज आत येतच होते. ड्रग्ज सापडल्याबद्दल कैद्यांवर होणारी कारवाई कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. नातेवाईक वर्षभर फाटकाबाहेर आणि माल आत! रोज आत-बाहेर करत होते ते फक्त कर्मचारी, आणि आतली माणसं बोट दाखवत होती तीही तिकडेच. मुलाखती बंद केल्याने ड्रग्ज थांबतात का, याचा याहून मोठा प्रयोग कुणी मुद्दाम ठरवूनही केला नसता.

टेक्सस लांब वाटत असेल तर मुंबईत साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड जेलपाशी या. मार्च 2020 मध्ये आपल्याकडेही मुलाखती बंद झाल्या, एप्रिलमध्ये आर्थर रोडसकट मुंबई-पुण्याची कारागृहं लॉकडाऊन केली गेली. आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात आर्थर रोडमध्ये शंभराच्या आसपास कैदी आणि कर्मचारी कोविड पॉझिटिव्ह निघाले. तो विषाणू कुठल्या आईच्या पिशवीतून गेला होता? तुरुंग सीलबंद डबा नसतो. दूध येतं, भाजी येते, रेशन येतं, ड्यूटी बदलते.

‘सगळे सिद्ध गुन्हेगार’ हे दोन ओळींत उरकते. केंद्राच्याच ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ अहवालाप्रमाणे 2022 अखेर देशात 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे. खटला चालूच, निकाल नाही. शेकड्याला पाऊणशेहून जास्त. माझा मावसभाऊ त्यातलाच.

फाइव्ह स्टारबद्दल काय बोलणार. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आणि आत तीन हजारांच्या वर माणसं, हे चित्र वर्षानुवर्षं आहे. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं.

‘नशेडी आत गेला की आपोआप सुधारतो’ हा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण तो ऐकून घरचे लोक खरोखर असं वागतात. ‘जाऊ दे आत, सुटेल तरी’ हे वाक्य मी आमच्या गिरणगावात लहानपणापासून ऐकलंय, गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या दिवसांपासून. गर्द मिळेनासं झालं की माणूस कसा दिसतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे बोलवणार नाही. मे महिन्याच्या उकाड्यात दोन चादरी अंगावर आणि तरी दात वाजतायत, नाक-डोळे गळतायत, उलटी, जुलाब, पोटात पिळवटून कळा. हे बराकीच्या कोपऱ्यात, औषधाविना, पन्नास माणसांत. त्या क्षणी आत जो कोणी पुडी विकत असेल त्याचं गिऱ्हाईक तयार झालं. म्हणजे उपचार नाकारून आपणच धंदा उभा करून देतो. दिल्लीच्या तिहारमध्ये 2008 पासून ब्युप्रेनॉर्फिन हे नशेची ओढ कमी करणारं औषध देऊन डॉक्टरांच्या देखरेखीत उपचार सुरू झाले ते काही कैद्यांचे लाड म्हणून नव्हेत.

आणि समजा आत माल मिळालाच नाही, सुटली नशा. तरी धोका संपत नाही, तो सुटकेच्या दिवशी सुरू होतो. शरीराची सवय मोडलेली असते, डोक्यातला हिशोब मात्र जुनाच असतो. बाहेर आल्यावर माणूस पूर्वीएवढाच डोस घेतो आणि तेवढ्याने जातो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकीच्या लोकांपेक्षा 129 पट निघाला. ‘आपोआप सुधारतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. घरात असं कुणी असेल तर जामीन होण्याआधीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. पार्टी नंतर करा.

शेवटी मानवाधिकारवाले. तुरुंगात कॅमेरे बसवायला त्यांचा विरोध आहे म्हणे. 24 जुलै 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तुरुंगांत सीसीटीव्ही बसवायला सांगितलं ते डी. के. बसू खटल्यात. तो खटला कशाचा होता? कोठडीतल्या मृत्यूंचा. मानवाधिकाराचा. कॅमेरा मागत होते ते हेच लोक, कारण कॅमेरा कैद्यावर जितका असतो तितकाच वर्दीवरही असतो. स्कॅनरचंही तेच. बसवा की, मावशी आनंदाने त्यातून जाईल. फक्त त्याच स्कॅनरमधून दर पाळीला ड्यूटीवर येणारा प्रत्येक जण जाऊ दे, आणि साहेबांच्या गाडीची डिकीही उघडू दे.