ऑसबर्न गप्प बसतो, पण नुसता बसत नाही

ऑसबर्नवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि राग अजिबात आला नाही. 'जर्नीज एन्ड' या पहिल्या महायुद्धातल्या खंदकावरच्या नाटकातला ऑसबर्न तुम्हाला होयबा वाटतो, कंपनीचा कमांडर स्टॅनहोप याच्या दारूवर तो पांघरूण घालतो, भर दिवसा जर्मन खंदकावर छापा घालायचा हुकूम आला तरी ब्र काढत नाही, मग त्याचं एवढं कौतुक कशाला, असं तुमचं म्हणणं. ब्र काढत नाही हे खरंच आहे, ते मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण दारूचं आधी बोलू. सुरुवातीलाच हार्डी हा दुसऱ्या कंपनीचा अधिकारी स्टॅनहोपच्या पिण्यावरून हसत असतो, ऑसबर्नला म्हणतो की कंपनी खरं तर तूच सांभाळायला हवी. पंचेचाळिशीचा, शाळेत शिकवणारा, इंग्लंडकडून रग्बी खेळलेला माणूस, त्याच्यावर एकवीस वर्षांचा पोरगा हुकूम करतोय, आणि तरी तो ठाम सांगतो की आपल्याकडे स्टॅनहोपइतका चांगला कमांडर नाही. ते पोरगं शाळेतून थेट फ्रंटवर आलं आणि जवळजवळ तीन वर्षं तिथंच आहे, हे ऑसबर्नला दिसतं, हार्डीला फक्त बाटली दिसते. याला पांघरूण घालणं म्हणायचं का, मला नाही पटत.

आणि तो पत्राचा प्रसंग आठवा. शाळेतला ओळखीचा, नुकताच आलेला तरुण अधिकारी रॅली आपल्याबद्दल घरी काय लिहितोय या भीतीनं स्टॅनहोप त्याचं पत्र हिसकावतो, पण वाचायचा धीर होत नाही. ऑसबर्न मोठ्यानं वाचून दाखवतो, तर त्यात नुसतं कौतुक, हा माझा मित्र आहे याचा अभिमान वाटतो वगैरे. अशा वेळी आपण कोणीही म्हटलं असतं, बघ, उगाच संशय घेतलास. ऑसबर्न फक्त विचारतो, पाकीट चिकटवून टाकू का? बस.

छाप्याचं म्हणाल तर हुकूम वरून आलाय, कर्नललाही तो बदलता येत नाही. छाप्यासाठी काटेरी तारेत पाडलेल्या भगदाडाच्या दोन्ही बाजूंना जर्मनांनी लाल चिंध्या बांधल्यात, म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे, आणि हे ऑसबर्नलाही कळलंय. घड्याळ, अंगठी, बायकोसाठी पत्र तो स्टॅनहोपकडे देऊन ठेवतो, आणि मग उरलेली मिनिटं कशात घालवतो? रॅलीबरोबर कॉफी पीत इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या गप्पा मारण्यात! शाळेतून नुकत्याच आलेल्या त्या पोराच्या पोटात भीतीचा गोळा येऊ नये म्हणून हा माणूस स्वतःचं मरण बाजूला ठेवून जंगलातल्या वाटांबद्दल बोलतो, आणि निघताना पाइप खाली ठेवत म्हणतो, इतका छान पेटलाय, सोडून जायचं जिवावर येतं. नाटककार शेरिफ स्वतः त्या युद्धात अधिकारी होता, १९१७ मध्ये पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाला होता, मला वाटतं असला पाइप त्याशिवाय सुचत नाही.

छाप्यात ऑसबर्न आणि रॅलीबरोबर दहाजण गेले होते, त्यातले चार आणि रॅली परत येतात. ऑसबर्न रॅलीची वाट बघत थांबलेला असताना हातबॉम्बनं मरतो.

स्टॅनहोप खरा हिरो असं तुम्ही म्हणता, म्हणा की. पण छाप्यानंतर थकलेला रॅली नकळत ऑसबर्नच्या बिछान्यावर बसतो तेव्हा तोच स्टॅनहोप त्याच्यावर खेकसतो, तिथंच बसायला हवं का? आणि २१ मार्च १९१८ च्या सकाळी जर्मन हल्ला सुरू झाल्यावर मरणाऱ्या रॅलीला निजवायला सांगतो, ते त्याच बिछान्यावर.