अरे, पाठ कसली दाखवताय!

'स्टार वॉर्स'च्या चित्रपटांत पुन्हा तेच. हातात प्रकाशाच्या तलवारी, आणि ऐन मोक्याला एकजण गर्रकन गिरकी घेऊन शत्रूला पाठ दाखवतो. त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याने नुसता हात लांब केला तरी खेळ खलास! पण तो बापडा थांबतो, कारण त्याचा वार मुळात अंगावर नसतोच, तलवारीवर असतो.

त्यात पातं म्हणे बिनवजनाचं. खरी दोन हातांची युरोपीय तलवार सव्वा ते दीड किलोची, तिला धार लागू पडायला कोन साधावा लागतो, जोर लावावा लागतो. इथे नुसत्या स्पर्शाने हात तुटतो, मग डोक्यामागून घाव कशाला? मनगटातून टोक पुढे, थेट बोटांवर! मुठीला बहुधा आडवी दांडीही नाही. समोरचं पातं घसरत खाली आलं की बोटं गेलीच.

'द लास्ट जेडाय'मध्ये (२०१७) तर सिंहासनाच्या दालनात नायिका रे हिला पकडून धरणाऱ्या रक्षकाच्या हातातला सुरा मध्येच चक्क गायब होतो. राहिला असता तर तिच्या पाठीतच!

आणि जमत नाही म्हणावं, तर १९८०च्या चित्रपटात खलनायक डार्थ व्हेडरच्या मुखवट्याआड तलवार चालवली बॉब अँडरसनने, १९५२च्या ऑलिंपिकमधल्या तलवारबाजाने. मग आता कुठे अडतंय?