मोजे, चपला आणि मागचा बाक

जुलैत सांगलीतल्या कुठल्याही कट्ट्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला पाणी किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी. अठरा फूट, म्हणजे अजून घाबरायचं कारण नाही, असं ठरलं. भडंगाची पुडी फुटली. नीता सुट्टीला आलेली. आमच्याच दहावी अ मधली. आता आयर्लंडमध्ये कॉर्कला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बोलता बोलता म्हणाली, की गेल्या ऑक्टोबरात पाच दिवस फिनलंडच्या जोडशाळेत जाऊन आले.

"खर्च कुणाचा?" मंदार. हा टॅक्सची कामं करतो, त्यामुळं कुठलीही गोष्ट सांगा, आधी बिल मागतो.

"युरोपियन युनियनचा. इरॅस्मस प्लसमधून."

"म्हणजे सहल."

इथून पेटलं ते दीड तास.

आपल्याकडे इरॅस्मस म्हटलं की परदेशी एमएस करायला निघालेल्या पोरांची स्कॉलरशिप, एवढंच डोक्यात येतं. योजना १९८७ साली सुरू झाली ती खरंच कॉलेजच्या पोरांसाठी. पण २०१४ पासून शाळा, कॉलेज, धंदेशिक्षण सगळं इरॅस्मस प्लस या एकाच छत्राखाली आहे, आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी तिजोरीत सुमारे २६ अब्ज युरो. आकडा ऐकून मंदारचा हात भडंगातच थांबला.

"शिक्षकानं उठायचं आणि अर्ज करायचा असं नसतं," नीता म्हणाली. "अर्ज शाळा करते. काय बघायचंय, परत येऊन काय करणार, सगळं आधी लिहून द्यायचं. दुसऱ्याच्या वर्गात बसून नुसतं बघायचं असेल तर कमीत कमी दोन दिवस, जास्तीत जास्त साठ. आल्यावर रिपोर्ट."

"रिपोर्ट!" सुहास इतका जोरात हसला की पलीकडचा पानवाला बघायला लागला. सुहास जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. रिपोर्ट या शब्दावर त्याचा जन्माचा राग.

मंदार तोवर मोबाईल काढून बसला होता. "हे बघ. पिसा परीक्षा, देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या पोरांची, २०२२. गणितात आयर्लंड ४९२, फिनलंड ४८४. वाचनात तुम्ही ५१६, ते ४९०. अगं, मागे पडलेल्याकडे शिकायला जाता तुम्ही? २००६ ला त्यांचे गणितात ५४८ होते, तेव्हा गेला असता तर मी समजलो असतो."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि नीतालाही तो लागला. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी नंबर बघायला गेले नव्हते. आठवीचा वर्ग होता. गणित चाललेलं. एक पोरगा उठला, बेसिनपाशी गेला, बाटली भरली, येऊन बसला. विचारलं नाही, बाईंनी वर बघितलं नाही, कुणी हसलंही नाही. मी मात्र खुर्चीतून अर्धी उठले होते. 'कुठं निघालास?' ओठांवर आलं होतं माझ्या. माझा वर्ग नाही, मुलगा माझा नाही, भाषा कळत नाही, तरी. वीस वर्षं शिकवतेय, आणि मी अशी करते हे मला पहिल्यांदा तिथं कळलं."

"आणि सगळी पोरं मोज्यांवर," तिनं पुढं चालवलं. "बूट दाराशी. शाळाभर आवाज कसा तो नाही."

"आमच्या दारात या की," सुहास म्हणाला. "चपलांची रांग पहिलीपासून चौथीपर्यंत. त्याला कुणी युरो देत नाही."

जेवणाचंही तसंच झालं. फिनलंडमध्ये शाळेत प्रत्येकाला फुकट गरम जेवण, १९४८ पासून, कायद्यानं. सुहास म्हणे, आमची खिचडी आहेच. पण तिथं शिक्षक मुलांच्याच टेबलावर बसून तेच जेवतात म्हटल्यावर गडी जरा थांबला. "आम्ही चव बघतो, चव रजिस्टरला लिहितो, आणि मग ऑफिसात डबा उघडतो," असं त्यानं स्वतःहूनच कबूल केलं.

मंदार हटेना. त्यानं दिल्लीचं काढलं: २०२३ च्या जानेवारीत तिथल्या सरकारी शिक्षकांना फिनलंडला पाठवण्यावरून नायब राज्यपाल आणि केजरीवाल सरकार यांची केवढी जुंपली होती, खर्चाच्या मानानं फायदा काय ते दाखवा म्हणून. "प्रश्न चूक होता का? आपले नगरसेवक कचरा बघायला परदेशी जातात. कचरा इथंच."

इथं मी तोंड घातलं, कारण तोवर मीही मनातून मंदारच्याच बाजूचा होतो. म्हटलं, नीता, खरं सांग, पाचातले फिरण्यात किती गेले?

"एक. पूर्ण एक. आणि माझे तास कॉर्कला दुसऱ्यांनी घेतले, त्यांच्या शिव्या वेगळ्या." मग म्हणाली, "पण नगरसेवकांचं आणि आमचं एक नाही. मार्चमध्ये ते आले."

"कोण?"

"फिनलंडवाले. दोघी. चार दिवस माझ्या वर्गात, मागच्या बाकावर."

मला वाटतं, खरी गोष्ट इथं होती, आणि बाई ती सगळ्यात शेवटी सांगत होती. अभ्यासदौरा करून आलेल्या कुठल्या माणसाच्या घरी नंतर समोरचा येऊन बसतो, सांगा. त्या दोघींनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही पाणी कधी पिता? त्यांच्याकडे ४५ मिनिटांच्या तासामागून १५ मिनिटांची सुट्टी, पोरं पावसातसुद्धा बाहेर. नीताकडे घंटा झाली की पुढचा वर्ग दारात उभा. उत्तर तिच्याकडे नव्हतं. उलट आयर्लंडचं 'ट्रान्झिशन इयर' बघून त्या हरखल्या. माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर एक अख्खं वर्ष बोर्डाच्या परीक्षेशिवाय. नाटक, छोटी नोकरी, समाजकार्य. १९७४ पासून चालू आहे. नीताला ते इतकी वर्षं वेळकाढूपणा वाटायचा.

"हे व्हिडिओ कॉलवर झालं असतं," मंदार. आवाज मात्र उतरलेला.

"होतं की तेही, ईट्विनिंग म्हणून, २००५ पासून. आमची पोरं करतात. पण कॅमेरा लावला की मी पण शहाण्यासारखी वागते रे."

सुहास बराच वेळ बोलला नव्हता. पुडीच्या तळाचे शेंगदाणे वेचत होता. "शेजारच्या गावची शाळा चार किलोमीटरवर," तो म्हणाला. "शिक्षण परिषदेला जातो, सत्काराला जातो, शाल-नारळ घेऊन फोटोत उभा राहतो. तिथल्या बाई भागाकार कसा शिकवतात, नऊ वर्षांत बघितलं नाही. त्यांनी माझा बघितला नाही."

"त्याला २६ अब्ज लागत नाहीत," मंदार म्हणाला. "पेट्रोल धरून पन्नास रुपये."

"मग जा ना," मी म्हटलं.

"बिनबोलवता वर्गात जाऊन बसलो तर तपासणीला आला म्हणतील." सुहासनं नीताकडे बघितलं. "तू अजून किती दिवस आहेस?"

"तीन आठवडे."

"मग तू ये माझ्याकडं. मागं बसायचं, मधे बोलायचं नाही."

"गुरुवारी येऊ?"

"गुरुवारी मतदारयादीच्या कामाची, बीएलओची मीटिंग आहे. शुक्रवारी ये, दुसऱ्या तासाला. चौथीचे अपूर्णांक आहेत. आणि चप्पल बाहेर."