फ्रेंच शिकताना मधे इंग्रजी कशाला?

कॉलेजात फ्रेंच घेतलेली मराठी मुलं ज्या चुका करतात, त्यातल्या बऱ्याचशा मुळात इंग्रजीच्या असतात. शब्दार्थ इंग्रजीतून, व्याकरण इंग्रजीतून, मग 'आय अ‍ॅम हंग्री'वरून थेट 'ज स्वी फँ'. बरोबर वाक्य 'जे फँ', शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'. 'फँ' म्हणजे भूक, नाम. मराठीतही भूक 'लागते', आपण स्वतः भूक नसतो. 'हे पुस्तक मला आवडतं' घ्या: 'स लीव्र म प्ले'. दोन्हीकडे कर्ता पुस्तकच, आणि 'म' म्हणजे 'मला'. इंग्रजीच्या वळणाने गेलात की हे उलटं वाटतं. (उच्चार देवनागरीत दिलेत ते ओळखीपुरते, असे पाठ करू नका.)

भूतकाळात तर मराठी माणसाला घरबसल्या फायदा आहे. 'तो गेला, ती गेली' हा भेद फ्रेंच लिखाणातही आहे. 'गेली' लिहिताना शेवटी एक जादा 'ई' अक्षर येतं, उच्चार तोच राहतो. पण खरी गंमत 'लिहिणे'सारख्या सकर्मक क्रियापदांत. 'मी पत्र लिहिलं', 'मी चिठ्ठी लिहिली': क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हा आपला कर्मणी प्रयोग. फ्रेंचमध्येही ते बदलतं, फक्त कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. 'जे एक्री ला लेत्र' यात कर्म मागून आलं, म्हणून 'एक्री' तसंच. 'ला लेत्र क जे एक्रीत', म्हणजे 'मी लिहिलेली चिठ्ठी', यात चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्रीत'. शेवटचा त ऐकूही येतो. इंग्रजीत असं काही नाही, त्यामुळे इंग्रजीतून शिकवलं की हा नियम आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

नामांच्या लिंगात मात्र मराठीवर विसंबू नका. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. वहीत नाम लिहिताना 'ल, ला' (इंग्रजी 'द'ची पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपं) न लावता 'अँ, उ्यून' ('एक'ची तशीच रूपं) लावा. शाळा आणि झाड यांचे फ्रेंच शब्द, 'एकोल' आणि 'आर्ब्र', दोन्ही स्वरापासून सुरू होतात, तिथे 'ल' आणि 'ला' दोघांचाही नुसता 'ल्' उरतो आणि लिंग लपतं. 'उ्यून एकोल' आणि 'अँ नार्ब्र' लिहिलं की दिसतं. तो 'उ्यू' स्वर मराठीत नाही: ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. तो साधला नाही तर 'र्‍यू' म्हणजे रस्ता, त्याचा 'रू' म्हणजे चाक होतो.

'त्यू' आणि 'वू' म्हणजे तू आणि तुम्ही, हे मराठी माणसाला समजावायला लागत नाही. फसगत वेगळ्याच जागी होते. वेटरला, ड्रायव्हरला आपण सहज अरे-तुरे करतो. तिथे अनोळखी प्रौढाला 'वू'च, त्याचं काम काहीही असो. दुकानात शिरल्यावर आधी 'बाँजूर', मग काय हवं ते. हे गाळून थेट मागणी केली तर व्याकरण शुद्ध असूनही उद्धट ठरता. संस्कृतीच्या पेपरात आयफेल टॉवरची उंची विचारण्यापेक्षा हे विचारावं, असं माझं मत. आणि सेनेगल, क्वेबेक, मार्तिनिक हे फ्रेंच चालणारे युरोपबाहेरचे प्रदेशही विचारावेत. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर हे फ्रेंचमधले मोठे कवी. 1983 मध्ये ते फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या संस्थेवर, निवडून आले.

आता परीक्षा. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला 100 पैकी 50, पण एकाही भागात 5 पेक्षा कमी चालत नाही. व्याकरणाचे तक्ते घोकणारे ऐकण्यात अडखळतात, कारण कागदावर वेगळी दिसणारी रूपं कानाला सारखीच लागतात. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात', दोन्ही 'इल पार्ल'. यावर जुना उपाय दिक्ते, म्हणजे श्रुतलेखन: रोज चार ओळी, तीनदा ऐकायच्या, लिहायच्या, मूळ मजकुराशी ताडायच्या आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं. नुसतं लाल शाईने दुरुस्त करून काही हाती लागत नाही. हळूहळू कान बारीक खुणा पकडतो. 'इल एम' म्हणजे तो प्रेम करतो, 'इल ज़ेम' म्हणजे ते करतात. एकवचन-अनेकवचनाचा सगळा फरक त्या एका 'ज़'मध्ये.