पडकं स्टेशन संपवण्याचे घरगुती उपाय

मागल्या रविवारी पुतण्याला शकुंतला, म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, दाखवायला घेऊन गेलो. गाडी दिसणार नाही हे ठाऊक होतंच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइन बंद पडून काही वर्षं झाली. म्हटलं, निदान स्टेशन दाखवू. कारंजाच्या अलीकडचं एक लहानसं, दोन खोल्या आणि एक कडुनिंब. दिवाळीत पाहिलं तेव्हा त्याला दार होतं. आता चौकटही नाही. आत एक बकरी निवांत रवंथ करत बसली होती. तिच्याकडे तिकीट असावं.

तेव्हा ज्यांच्या गावात असली इमारत अजून उभी राहून अडचण करते आहे, त्यांच्यासाठी हे पाच उपाय.

सुरुवात दारापासून करा. जुनं सागवान आहे, वाळवी लागत नाही. आधी फळ्या, मग चौकट, मग कौलं. घाई नको. एकदम नेलं तर चोरी, रोज थोडं नेलं तर वहिवाट.

प्री-वेडिंगवाल्यांना अडवू नका. गिलावा ते आपणच पाडतात, टेक्स्चर चांगलं येतं म्हणून.

बदामात नाव कोरायचं असेल तर खिळा घरूनच न्या. तिथले गेले.

कुणी विचारलंच तर ‘मालक कोण?’ असा उलट प्रश्न टाका. हा उपाय रामबाण आहे, मी स्वतः अनुभवलाय. उरलेल्या खोलीला निदान कुलूप लावा, एवढाच माझा अर्ज होता. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, जागा रेल्वेची, तिकडे जा. तिकडचे साहेब म्हणाले, अहो, ही लाइन आमची कुठे, कंपनीची. म्हणजे किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पोचावा म्हणून अडीच फुटी रूळ टाकले, स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही लाइन तेवढी राहून गेली, त्या घोळाचं बिल शंभर वर्षांनी माझ्या एका कुलपावर फाडायचं! बरं, कंपनीची तर कंपनीची. गाडी इतकी वर्षं कोण चालवत होतं? गार्ड कुणाचा होता? तिकिटाचे पैसे कुणी घेतले? साहेबांनी अर्ज परत दिला, वर ‘दोन प्रतीत आणा’ म्हणाले. दोन प्रतीत नेला. आवक शिक्का मारायचा बाबू रजेवर होता. आणि गंमत अशी की, ज्या इमारतीला मालकच नाही तिच्या भिंतीवर ‘प्रवेश निषिद्ध’ रंगवायला मात्र कुणीतरी माणूस, डबा आणि ब्रश पाठवला होता. भिंत खचली तरी अक्षरं अजून ठळक आहेत. दार नसलेल्या घरात प्रवेश निषिद्ध!

मधूनमधून वारशाबद्दल पोस्टही टाका. ‘विदर्भाची शान’, खाली रडका चेहरा. नागपुरात एका हॉटेलात अशीच कमानदार खिडकी भिंतीला टांगलेली पाहिली, वर पिवळा दिवा. तिथे ती हेरिटेज असते आणि पोह्याचे दीडशे घेतात.

जाऊ द्या. मला हे सोंग जमत नाही. निघताना गावातल्याच एकाने विचारलं, “काय पाहून राह्यले भाऊ? काही नाही तिथं.” नाही कसं? तुम्ही नेलं म्हणून नाही! ते दार इंग्रजांनी नेलं नाही, कंपनीने नेलं नाही. तुमच्या गोठ्याला लागलंय ते, मी पाहिलं. हिरवा रंग फासलाय, पण बिजागऱ्या त्याच आहेत. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरचं. ते 1994 पर्यंत धावलं. सिग्नलवर लिव्हरपूल, 1895 असं कोरलेलं. हे सगळं तेल घालून, पुसून, ठोकून ज्यांनी चालवलं ती माणसं याच मुलखातली, तुमचे-माझे आजे. त्यांनी सत्तर वर्षं इंजिन सांभाळलं. आपल्याला एक दार सांभाळता आलं नाही, आणि वर सरकारच्या नावाने बोंब मारतो. लाज वाटायला हवी.

तिकीट खिडकीचे गज गेलेत. खालचा दगड आहे अजून, मधोमध खळगा पडलेला, चिल्लर सरकवून सरकवून. पुतण्या त्यात बोट फिरवत बसला होता. तो दगड जड आहे म्हणूनच राहिलाय. पुढच्या खेपेला तो जागेवर नसला तर मी थेट तुमच्या घरी येईन, आणि पायरीला लागलेला दिसला तर चहासुद्धा घेणार नाही.