बी नेलं म्हणजे बी संपलं?

रखरखीत माळावर हिरवळ का टिकत नाही, याचं एक सोपं उत्तर सध्या हातोहात पसरतंय. मुंग्या आणि जमीन उकरणारे प्राणी सगळं बी खाऊन टाकतात, त्यांचा बंदोबस्त करा, बी पसरवायला वारा आणि पाणी पुरेसे आहेत, असं ते उत्तर. यावर विसंबून कुणी खरोखर मुंग्यांच्या घरट्यांवर विष टाकलं, तर ज्या माळासाठी एवढा कळवळा, त्याचंच नुकसान होईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मुंगीने नेलेलं बी गेलंच.’ नाही. कित्येक वनस्पतींच्या बीला एका टोकाला पांढरट, तेलकट गाठ असते. तिला इलायोसोम म्हणतात. मुंगीला हवी असते ती ही गाठ. तिला धरूनच ती बी घरट्यापर्यंत ओढत नेते. तिथे अळ्या गाठ फस्त करतात आणि टणक बी आतल्या एखाद्या कोनाड्यात पडून राहतं किंवा बाहेरच्या उकिरड्यावर जातं. बी शाबूतच असतं. मुंग्यांकडून असं बी वाहून घेणाऱ्या सपुष्प वनस्पतींच्या किमान ११,००० जाती आहेत.

दाणे साठवणाऱ्या मुंग्यांची गोष्ट वेगळी. त्या नेलेल्यातलं बहुतेक बी खातात, हे मान्य. पण वाटेत सांडलेले आणि फोलपटांबरोबर चुकून बाहेर पडलेले दाणे घरट्याभोवतीच्या कसदार मातीत रुजतात.

‘मुंगी नेऊन नेऊन किती लांब नेणार?’ बहुतेक वेळा मीटर-दोन मीटर. पण कोरड्या जागी बी किती लांब गेलं यापेक्षा ते कुठे पडलं हे जास्त महत्त्वाचं असतं. याचा मला सर्वांत पटणारा पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉसचा. कोरड्या उन्हाळ्यांचा आणि वणव्यांचा हा झुडपी प्रदेश. तिथे बाहेरून आलेल्या अर्जेंटिनी मुंग्यांनी स्थानिक मुंग्यांना हुसकावलं. या नव्या मुंग्या गाठ उघड्यावरच खातात, बी जमिनीखाली नेत नाहीत. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिमेटीस या झुडपाची रोपं मोजली होती. स्थानिक मुंग्या होत्या तिथे सुमारे ३५ टक्के बी उगवलं, अर्जेंटिनी मुंग्यांच्या जागी १ टक्काही नाही. वर राहिलेलं बी इतर प्राण्यांच्या तोंडी जातं. जमिनीत गेलेलं बी त्यांच्यापासून आणि वणव्यापासून, दोन्हींपासून वाचतं.

‘वारा आणि पाणी पुरेसे आहेत.’ वारा हलकं बी लांब नेतो खरा, पण टाकतो कुठे? कोरड्या मातीवर कडक पापुद्रा धरलेला असतो, त्यावरून बी घरंगळत राहतं. आता उकरलेला एक खड्डा जवळून बघा. वीतभरही खोल नसतो, पण पापुद्रा फुटलेला असतो. वाऱ्याने आलेला पालापाचोळा आणि बी त्यात अडकतं, पाऊस पडला की पाणी तिथेच जिरतं, पाचोळा कुजतो. म्हणजे वाऱ्याने आणलेल्या बीलाही जागा करून देणारा हा उकरणाराच.

‘उंदीर हटवले की गवत वाढतं, हे प्रयोगाने सिद्ध झालंय.’ हा मुद्दा पोकळ नाही. अॅरिझोनातल्या पोर्टलजवळ १९७७ पासून काही वाफ्यांतून कांगारू-उंदीर वगळले होते. बारा वर्षांनी तिथे गवत खरंच वाढलेलं होतं. पण हे उंदीर मोठं बी निवडून खातात, त्यामुळे ते गेल्यावर मोठ्या बीच्या वर्षायू वनस्पती फोफावल्या आणि लहान बीच्या मागे पडल्या. एकूण हिरवळीला उंदीर मारक होते, असं यातून निघत नाही. हेच कांगारू-उंदीर गालांच्या पिशव्यांत बी भरून नेतात आणि जागोजागी मातीत थोडं थोडं पुरून ठेवतात. त्यातलं जे परत उकरलं जात नाही, ते पावसानंतर एकाच जागी रोपांचा झुबका होऊन वर येतं. इंडियन राइसग्रास या गवताची रोपं मुख्यतः अशा पुरलेल्या साठ्यांतूनच येतात.

ऑस्ट्रेलियातला वोयली हा कांगारूंचा सशाएवढा नातलग. जमिनीखालच्या बुरशीच्या गाठी शोधताना एक वोयली वर्षाला सुमारे ५ टन माती उलथवतो, असा अंदाज आहे. तो तिथल्या चंदनाचं मोठं, जड बीही नेऊन पुरतो. ते बी वाऱ्याने हलत नाही. जिथून वोयली नाहीसा झाला, तिथे ते बहुतांशी आईझाडाखालीच पडून राहतं.