तिखट सॉसेज, वेगळा तवा आणि आपले वाद

२०२५च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटण-चिकनची दुकाने आणि कत्तलखाने बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि पाठोपाठ मालेगावसह आणखी काही महापालिकांचे तसेच आदेश चर्चेत आले. असा आदेश १९८८पासून निघत आला आहे, असे कल्याणच्या प्रशासनाचे म्हणणे होते. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र अशी बंदी घालणे योग्य नाही, असे जाहीरपणे सांगितले. शिरपूर, सुरत, पुणे आणि फ्रँकफर्ट अशा चार ठिकाणी पांगलेल्या आमच्या कुटुंबात यावर मोठी हमरीतुमरी झाली आणि माझे म्हणणे निकालात काढायला एक वाक्य पुरले: ‘तुझं काय, तू तिकडे काहीही खातोस.’ परदेशात राहणाऱ्याने घरच्या वादात तोंड घातले की हे ऐकावेच लागते. त्यामुळे मी इकडे नेमके काय खातो आणि ते कसे ठरवतो, हेच आधी सांगतो.

फ्रँकफर्टचे नाव ज्या सॉसेजला चिकटले आहे ते डुकराच्या मांसाचे, मेंढीच्या आतड्यात भरलेले आणि हलके धुरावलेले असते. ते उकळत नाहीत, नुसत्या गरम पाण्यात तापवतात, आणि मोहरीची चटणी किंवा हॉर्सरॅडिश नावाचे किसलेले तिखट मूळ लावून पावाबरोबर खातात. पदार्थ नीटनेटका आहे, पण ज्याच्या जिभेला लहानपणापासून मिरचीच्या भाजीची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ठेच्याची सवय आहे, त्याचे त्याने भागत नाही. शहराच्या मध्यभागी १९५४ साली उभारलेली क्लाइनमार्क्टहाले नावाची बंदिस्त मंडई आहे, तिथे आणि स्टेशनजवळच्या तुर्की-अरबी दुकानांत फिरताना लक्षात आले की जर्मनांनी सॉसेजमध्ये मिरची घातली नसली तरी बाकीच्या जगाने ती मनापासून घातलेली आहे.

घरच्या तव्यावर पहिला मान मिळाला तो उत्तर आफ्रिकेच्या मेर्गेझला. बोटाएवढे जाड, लालभडक, हरिसा नावाची मिरचीची चटणी, जिरे, बडीशेप आणि लसूण घातलेले हे सॉसेज फ्रान्समध्ये आता गल्लोगल्ली मिळते. तवा मंद ठेवून ते सावकाश परतले की त्यातून लाल तेल सुटते आणि कडेने असे पसरते की शेवभाजीवरची तर्रीच आठवावी. मात्र मेर्गेझ मेंढीच्या मांसाचे असते, गोमांसाचे असते आणि पुष्कळदा दोन्ही मिसळलेले असते, आणि मी गोमांस खात नसल्यामुळे पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते टोपलीत टाकत नाही. तुर्की सुजुक बहुधा गोमांसाचे असते, म्हणून ते मी घेतच नाही. दुकानदाराने आजवर त्याचे कारण विचारलेले नाही.

स्पेनच्या चोरिसो या सॉसेजबद्दल मोठी अपेक्षा होती आणि तिखटाच्या बाबतीत ती फोल ठरली. त्याचा रंग पिमेंतोनचा, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीचा असतो, आणि त्यातली नावाजलेली पूड ला व्हेरा खोऱ्यात ओकच्या लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस वाळवलेल्या मिरचीची असते. वास अप्रतिम, झणझणीतपणा जवळजवळ नाहीच. आमच्याकडे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची उन्हात वाळते आणि अवकाळी पावसाचा एक शिंतोडा आला तरी व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. स्पेनच्या त्या ओल्या शरद ऋतूत लोकांनी उन्हाची वाट न पाहता धूर वापरला आणि त्यातून वेगळीच चव निघाली. मिरची मूळची अमेरिकेची आणि या दोन्ही ठिकाणी समुद्रावरून आलेली. तरी नंदुरबारचा माणूस तिला आपली म्हणतो आणि ला व्हेराचाही, आणि दोघांचेही खरे आहे.

खरा घाम फोडला तो इटलीच्या एन्दुयाने. कालाब्रियातल्या स्पिलिंगा या लहानशा गावाशी नाव जोडलेले हे सॉसेज डुकराच्या चरबीत तिथली लाल मिरची मुबलक मिसळून करतात. ते इतके मऊ असते की कापायचे नसते, भाजलेल्या पावावर सुरीने फासायचे असते. मिरचीतले कॅप्सेसिन चरबीत विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे पहिल्या घासाला हे सौम्य वाटते आणि मग तिखट जिभेवरून हलायचे नाव घेत नाही. वर पाणी प्यायलात तर काहीच फरक पडत नाही. एन्दुया वाईट नाही, पण माझ्या मते ते एका चमच्याचे काम आहे. घरी केलेल्या सगळ्यांत उजवे ठरले ते उत्तर थायलंडचे, चियांग मायकडचे साय उआ: खिम्यात गवती चहाचे कोवळे दांडे, माक्रुत लिंबाची पाने, गलांगल हा आल्यासारखा कंद, हळद आणि वाळकी मिरची कुटून घालतात आणि वेटोळे करून निखाऱ्यावर भाजतात. त्यात तिखट आहे, पण ते बाकीच्यांना दाबत नाही. चावताना पानांचा वास आधी येतो आणि मिरची मागून. नुसत्या जाळाला चव समजणाऱ्या आमच्या काही खान्देशी मित्रांनी हे एकदा खाऊन पाहावे.

गोव्याचे चोरीस नावाचे सॉसेज येथे आणता येत नाही, कारण भारतातून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणण्याची मनाई आहे. व्हिनेगर, लसूण आणि काश्मिरी मिरचीत मुरवलेले मांस घरी करता येते, पण ते भरून वाळत घालायचा मोह मी आवरतो. उन्हाविना, धुराविना, फ्लॅटच्या गॅलरीत मांस वाळवणे म्हणजे विषाची परीक्षा. सॉसेजमधून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची पहिली सविस्तर नोंद जस्टिनुस केर्नर या डॉक्टरने याच देशाच्या व्यूर्टेम्बर्ग भागात, १८२०च्या सुमारास केली होती. त्यामुळे आमच्या घरी सॉसेज होते ते ताजे, त्याच दिवशी खायचे. कसायाकडून मिठात ठेवलेली मेंढीची आतडी आणायची, ती धुऊन भिजवायची, मटणाच्या खिम्यात चौथ्या हिश्श्याने चरबी, नंदुरबारची मिरची, लसूण आणि गावाकडचा काळा मसाला घालायचा, आणि सगळे बर्फासारखे थंड ठेवून भरायचे, नाहीतर चरबी वितळून भुगा होतो. भाजलेले खोबरे आणि दगडफूल आतड्याच्या आत कोंडले गेल्यावर जो दरवळ बाहेर पडतो तो रश्श्यात कधी मिळाला नव्हता.

आता वादाकडे येतो. सॉसेजइतका विश्वासावर खाल्ला जाणारा दुसरा मांसाहारी पदार्थ नाही. मटणाचा तुकडा डोळ्यांनी पारखता येतो. खिमा, चरबी आणि मसाला आतड्यात भरला की आत काय आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक. या विश्वासाची किंमत जर्मनीने मोजलेली आहे. १८६५ साली हेडर्सलेबेन या गावात कच्च्या डुकराच्या मांसातून ट्रिकिनेला या कृमीची लागण झाली, तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि शंभरावर मेले. रुडॉल्फ फिर्खो यांच्यासारख्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली मांस तपासण्याचा आग्रह धरला आणि अखेर १९००मध्ये मांस तपासणीचा देशव्यापी कायदा झाला. आज इथला माणूस सकाळी पावावर कच्चा डुकराचा खिमा कांदा घालून निर्धास्त खातो, तो त्या तपासणीच्या जोरावर. मला स्वतःला ते पाहवत नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडे मांस खावे की नाही, कोणत्या वारी खावे, कोणाच्या भिंतीला भिंत लावून खावे, यावर बारा महिने भांडण चालते. पण जे मांस खाल्ले जाते ते कुठे कापले, कोणी तपासले, उन्हात किती वेळ टांगून ठेवले, यावर कोणी आवाज चढवत नाही. पंधरा ऑगस्टला दुकान बंद ठेवले म्हणून सोळा तारखेला त्या दुकानात वाहते पाणी, जाळी किंवा बर्फाची पेटी येत नाही. महापालिकेच्या अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शटर खाली ओढण्यासाठी जाण्याऐवजी दर आठवड्याला तपासणीसाठी जावे, असे म्हणणाऱ्याला मांसाहाराचा वकील ठरवण्याचे कारण नाही.

शाळेतल्या अंड्याचेही तेच झाले. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने पोषण आहारात अंडे देण्याचे ठरवले आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ देण्याची सोय केली. जळगाव जिल्ह्याच्या केळी उत्पादकाला आणि नवापूरच्या कुक्कुटपालकाला एकाच वेळी चालेल असा तो निर्णय होता. जानेवारी २०२५मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरच्या शाळेने लोकसहभाग कोणाकडून गोळा करायचा, हे कोणी सांगितले नाही. माझ्या पुण्याच्या भाच्याला घर बघताना दलालाने फोनवरच ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असे सांगितले, तेही याच माळेतले.

इकडे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. २०१८मध्ये जर्मन सरकारच्या इस्लाम परिषदेत जेवणात डुकराचे रक्त घातलेले सॉसेज ठेवले गेले आणि देशभर टीका झाली. २०१९मध्ये लाइपझिगच्या दोन बालवाड्यांनी डुकराचे मांस बंद करायचे ठरवले, तर धमक्या येऊन दाराशी पोलीस उभे करावे लागले. फ्रायबुर्गने २०२२मध्ये बालवाड्या आणि प्राथमिक शाळांत एकच, तेही शाकाहारी जेवण देण्याचे ठरवले तेव्हा पालकांनी जो गहजब केला, तो आपल्याकडच्या अंडाविरोधकांना ओळखीचा वाटला असता. एका बाबतीत तर आपणच पुढे आहोत. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका सक्तीचा आहे. इथे शाकाहाराचे असे सक्तीचे चिन्ह नाही, आणि माझी आई आली होती तेव्हा गोळ्यांच्या पाकिटावर जिलेटिन शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. उलट मांसाची टक्केवारी आणि कोणत्या जनावराचे मांस आहे ते इथल्या सॉसेजवर लिहिलेले असते, आणि माझे मेर्गेझ त्यावरच ठरते.

त्याच मुक्कामात आईने विचारले होते, ‘तू तठे काय काय खास रे?’ मी सगळे सांगितले. ती स्वतः माळकरी आहे. आमच्या गावच्या घरी मटण शिजते ते अंगणात, वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या टोपात; तो टोप घरात येत नाही आणि मटण खाणाऱ्याला कोणी घराबाहेरही काढत नाही. वडील आणि काका अंगणात जेवत, आई ओट्यावर बसून भाकरी थापून देत असे. फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरात अंगण नाही, म्हणून तवे तीन आहेत: एक आईचा, एक डुकराच्या मांसाचा आणि एक वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कन कुटुंबासाठी, ज्यांच्याकडून मी मेर्गेझमध्ये बडीशेप किती घालावी हे शिकलो. ही तडजोड मी जर्मनीत शिकलेली नाही. ती शिरपूरहून बरोबर आणली. पुण्याच्या गृहनिर्माण संस्थेची नियमावली लिहिणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण असल्याच घरांतून आलेले असणार.

एक इशारा द्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले; रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिचे म्हणणे आहे. सॉसेज आमच्याकडे सणासुदीचे असते ते त्यामुळे. पण हीसुद्धा माहिती आहे, मनाई नाही, आणि ती वाचून किती खायचे ते मी ठरवतो.

स्पिलिंगासारखे खेडे मिरची आणि चरबी यांच्यावर जगभर नाव मिळवते आणि नंदुरबारची मिरची पोत्यात भरून दुसऱ्याच्या मसाल्यात जाते, हे मला इथल्या दुकानात उभे राहिल्यावर नेहमी खटकते. धुळे-नंदुरबारकडे शेळ्या आहेत, मिरची आहे, मसाला कुटणारे हात आहेत. नाही ते पशुवैद्यकाचा शिक्का मिळेल असा कत्तलखाना, शीतगृह आणि वीज गेली तरी थंड राहील अशी गाडी. पुढच्या वेळी घरच्या गटात पंधरा ऑगस्टचा विषय निघाला तर मी या तिन्हींचा हिशेब मागणार आहे, आणि नगरसेवक असलेल्या काकांनी तो द्यावा.